फॉसम डॉक्टरांचं ‘नाही’

“भात?” फॉसम डॉक्टरांनी हातातला काटा खाली ठेवला. “शिजवलेला भात?”

“हो,” मी म्हणाले. “भात, मिरचीची चटणी आणि नंतर सुपारी.”

“कुणाला वाढला?”

“आईने, माझ्या भावाला. आणि त्याच्याबरोबर जी मुलं होती त्यांना.”

“त्यांच्याकडे बंदुका होत्या?”

“भावाकडे होती. सगळ्यांकडे कुठली असायला!”

शनिवारची सकाळ होती. अमेरिकेतल्या बेकर्स ग्रोव्ह गावी, धान्यकोठाराशेजारच्या कॅफेत आमचे खासदार, म्हणजे फॉसम डॉक्टर, महिन्यातून एका शनिवारी बसायचे. कुणीही यावं, समोरच्या खुर्चीत बसावं आणि गाऱ्हाणं सांगावं. माझ्याआधी एक शेतकरी शेतातला चर बुजल्याचं रडगाणं गाऊन गेला होता. माझ्यामागे एक आजीबाई पेन्शनचं काहीतरी घेऊन उभ्या होत्या. मी टर्कीच्या कारखान्यातून थेट आले होते. त्या पक्ष्यांचं मांस हाडापासून सोडवायचं माझं काम. कितीही साबण लावला तरी हातांचा वास जात नाही. पण डॉक्टरांनी नाक मुरडलं नाही. खासदार होण्याआधी ते गुरांचे डॉक्टर होते, निम्मी हयात गोठ्यांत गेली होती.

“मग अडलं कुठे?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. माझी आई, नॉ पो ते, ब्रह्मदेशाच्या सीमेलगत, थायलंडमधल्या छावणीत होती. आम्ही कॅरेन लोक. ब्रह्मी लष्कराने आमचं गाव जाळलं, तेव्हा भाऊ क्वे आमच्या लोकांच्या सैन्यात गेला. एकदा तो चार पोरांना घेऊन गावाबाहेरच्या आमच्या झोपडीत आला आणि आईने त्यांना जेवू घातलं. पुढे क्वे मारला गेला. मी त्या वेळी सीमेपलीकडे छावणीतल्या शाळेत होते, त्यामुळे माझ्या हातून कुणाला भात वाढला गेला नाही. आम्हा मायलेकींत फरक काय तो एवढाच. मला अमेरिकेला यायची परवानगी मिळाली. आईला मुलाखतीत विचारलं, “तुम्ही कधी कुठल्या सशस्त्र टोळीला मदत केली का?” आई म्हणाली, “मदत कसली? भूक लागली होती त्यांना, जेवू घातलं.” अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं. दहशतवादी संघटनेला साहाय्य. अर्ज नामंजूर.

“तिने गप्प बसायचं की,” मागून पेन्शनवाल्या आजीबाई म्हणाल्या.

“मीही तिला तेच म्हटलं. ती म्हणाली, त्या अधिकारी पोराने मला सरळ विचारलं, मी त्याला वाकडं उत्तर कसं देऊ?”

डॉक्टर मोठ्याने हसले. “कुठल्या शहाण्याने केलाय हा कायदा?”

त्यांच्या शेजारी आर्डिस बसली होती. पूर्वी डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन घ्यायची, आता खासदारांच्या कार्यालयात घेते. साठीची, काटकुळी, चष्मा साखळीला लटकवलेली. तिने मान वर न करता सांगितलं, “तुम्ही.”

“काय मी?”

“तुम्ही केलाय. म्हणजे, ‘हो’ म्हणालात. सभागृहात सैनिकांच्या खर्चाचं मोठं बिल आलं होतं ना, त्याच्या शेपटीला बांधून आला होता. वासराच्या खोकल्यासारखा आवाज काढून तुम्ही मला फोनवर म्हणालात, ‘आर्डिस, झालं मतदान, मी जेवायला चाललोय.’”

कॅफेत हशा पिकायला हवा होता. पण कुणी हसलं नाही, कारण डॉक्टरांचा चेहराच तसा झाला होता. त्यांनी समोरची ॲपल पायची बशी बाजूला सारली. थोडा वेळ खिडकीतून धान्याच्या ट्रककडे बघत राहिले.

“मी वाचलं नव्हतं ते,” शेवटी ते म्हणाले. ना आर्डिसकडे बघून, ना माझ्याकडे. मग मला म्हणाले, “घाण माझ्या गोठ्यातली आहे म्हटल्यावर मलाच काढायला हवी. तुझं नाव काय म्हणालीस?”

“नॉ वा लेर. नॉ म्हणजे बाई, नुसतं वा लेर म्हटलं तरी चालेल.”

“बस, वा लेर. कॉफी घे. आजीबाई, तुम्हाला थोडं थांबावं लागेल.”

“थांबते हो,” आजीबाई म्हणाल्या. “मला कुठे वाघ मारायला जायचंय!”

*

त्यांना मोठा माणूस म्हणणारं आमच्या भागात कुणी नव्हतं. आधीचे खासदार अचानक वारले, तेव्हा पक्षाला कुणाशी वाकडं नसलेला माणूस हवा होता. ऑरिन फॉसम प्रत्येकाच्या गोठ्यात केव्हा ना केव्हा गेलेले होते, अडलेल्या गाई सोडवलेल्या होत्या. बायको नुकतीच गेली होती. घर खायला उठायचं. ते ‘बरं’ म्हणाले आणि निवडून आले. मग निवडून येतच राहिले. वॉशिंग्टनमध्ये त्यांनी कधी गाजणारं भाषण केलं नाही. वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आलाच तर जत्रेतल्या बक्षीस मिळालेल्या बैलाबरोबर. दुधाचे भाव, रस्ते, शाळेच्या बस यांत त्यांचं डोकं चालायचं. बाकीच्या विषयांत पक्ष सांगेल तसं.

आईच्या अर्जाच्या कामासाठी माझी सही हवी होती म्हणून पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या कार्यालयात गेले. बँकेच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या. आतल्या खोलीत डॉक्टर शर्टाच्या बाह्या सरसावून बसले होते आणि टेबलावर, खुर्च्यांवर, खिडकीतल्या फळीवर कागद पसरले होते.

“हा काय पसारा?” मी आर्डिसला हळूच विचारलं.

“त्यांची मतं,” ती म्हणाली. “परदेशांशी संबंधित सगळी. अमुक टोळीला अतिरेकी ठरवा, तमुक देशावर निर्बंध घाला, ढमुक बँक बंद करा. शनिवारपासून हेच चाललंय. जेवणाचीही शुद्ध नाही.”

आतून आवाज आला, “वा लेर, इकडे ये. हे बघ.” त्यांनी एक कागद माझ्यासमोर धरला. “हा देश नकाशावर दाखव म्हटलं तर मला दाखवता यायचा नाही. ‘हो.’ हा कागद, ‘हो.’ हाही ‘हो’. यातले काही बरोबरच होते, पुन्हा आले तरी ‘हो’च म्हणेन. काही नराधम आहेत यात. पण कुठले बरोबर, हे त्या दिवशी मला ठाऊक नव्हतं. तिथे भिंतीवर आमची नावं असतात. मत दिलं की नावापुढे दिवा लागतो. सगळीकडे हिरवे दिवे लागलेले दिसले की मीही हिरवं बटण दाबायचो.”

मी सही केली.

“मी दवाखान्यात असताना,” ते पुढे म्हणाले, “कुणी म्हणायचं, डॉक, बाजारात न्यायचीय गाय, निरोगी असल्याचा दाखला द्या. मी म्हणायचो, आधी गाय दाखव. ओळखीचा माणूस असला, गाय चांगली असणार हे ठाऊक असलं, तरी तिच्या तोंडात हात घातल्याशिवाय मी कधी सही केली नाही.”

“आता जेवा,” दारातून आर्डिस म्हणाली. “सूप थंड झालं.”

*

“तुमच्या लोकांना भेटायचंय,” एके दिवशी त्यांनी मला सांगितलं. आमचं चर्च म्हणजे लुथरन चर्चचं तळघर. रविवारी वर त्यांची प्रार्थना आटोपली की खाली आमची सुरू व्हायची. प्रार्थनेनंतर जेवण. आमच्या बायकांनी दोन दिवस आधीपासून धांदल मांडली. कुणी म्हणाली, खासदार येणार तर भाजलेली कोंबडी करू. कुणी म्हणाली, मासळीचं आंबवण अजिबात काढायचं नाही, वास घेऊनच पळून जाईल तो. अखेरीस सगळंच केलं, आणि आंबवणाची बरणी कपाटामागे लपवली.

डॉक्टर आले, बसले आणि हवेत हुंगून म्हणाले, “काहीतरी लपवलंय इथे.”

मी ओशाळून बरणी काढली. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला. “पोरी, सडलेला खूर कापून काढलाय मी या हातांनी. हे काहीच नाही.” आणि भातावर चमचाभर घालून घेतलं. मग घामाघूम झाले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी ताट संपवलं. बायका पदराआड हसाव्या तशा ओढणीआड हसत होत्या. एका म्हाताऱ्याने त्यांना पान दिलं. पान चावताच डॉक्टर लालबुंद झाले, खुर्चीचा हात घट्ट धरून म्हणाले, “हे कायदेशीर आहे ना?”

हसून हसून सगळ्यांचा संकोच गेला. मग त्यांनी मला सांगितलं, “विचार यांना. बंदूकवाल्या मुलांना यांच्यापैकी कुणीकुणी जेवू घातलंय? मी इथे कुणाचं नाव लिहून घ्यायला आलेलो नाही, हेही सांग.”

मी विचारलं. आधी कुणी हललं नाही. मग पान देणाऱ्या म्हाताऱ्याने हात वर केला. मग त्याच्या बायकोने. मग एकेक करत तळघरातले जवळजवळ सगळे हात वर झाले. एक बाई म्हणाली, “मी ब्रह्मी सैनिकांनाही घातलंय. त्यांनी डोक्यावर बंदूक धरली होती. ते चालतं का?”

डॉक्टरांनी पानाचा चोथा रुमालात काढला. “वा लेर, यांना सांग, जेवण फार छान होतं,” एवढंच म्हणाले.

त्यानंतर वर्षभर त्यांनी वॉशिंग्टनमध्ये काय केलं ते मला आर्डिसकडून कळायचं. ते प्रत्येक सहकाऱ्याच्या दारात जायचे. शिपायासारखे बाहेर बाकावर बसायचे. कुणी हसून घालवायचा, कुणी म्हणायचा, ऑरिन, तुला गाईंची समिती सोडून हे काय सुचलं? त्यांच्यासारखे आणखीही काहीजण याच कामात होते, त्यांच्याहून वजनदार. सगळं श्रेय डॉक्टरांचं असं मी म्हणणार नाही, तेही म्हणायचे नाहीत. पण डिसेंबरात खर्चाचं एक भलंमोठं बिल मंजूर झालं आणि त्यात कुठेतरी आत एक परिच्छेद होता. काही संघटनांना त्या कायद्यासाठी दहशतवादी समजू नये असा. त्यात माझ्या भावाच्या सैन्याचं नाव होतं.

डॉक्टरांनी मला कारखान्यात फोन केला. पर्यवेक्षकाने यंत्राच्या आवाजात ओरडून सांगितलं, “खासदाराचा फोन आहे, काय भानगड केलीस?” मी हातमोजे काढून फोन घेतला.

“वा लेर,” ते म्हणाले, “तुझा भाऊ आता अतिरेकी नाही.”

मी भिंतीला टेकले. आमच्यात मेलेल्याचं नाव फार घेत नाहीत. मी त्या दिवशी मोठ्याने घेतलं. टर्कीच्या धडांची रांग पुढे सरकत होती आणि मी, “क्वे, क्वे,” म्हणत होते.

*

आईची फाइल पुन्हा उघडली, पण लगेच काही झालं नाही. तपासण्या, छातीचे फोटो, दूतावासातले कागद. याच काळात, वसंतात, सभागृहात एक नवं बिल आलं. आणखी काही संघटनांना यादीत घालायचं आणि त्यांना ‘कोणत्याही स्वरूपाची मदत’ करणाऱ्याला कायमचं बाहेर ठेवायचं. शब्द तेच, जुनेच. डॉक्टरांनी पुढाऱ्यांना विनवलं, एक वाक्य घाला. नातलगाला दिलेलं अन्न आणि बंदुकीच्या धाकाने दिलेलं अन्न यातून वगळा. एवढंच. तेवढ्यासाठी बिल परत पाठवायला वेळ नाही, असं उत्तर मिळालं.

त्यांनी ‘नाही’ म्हटलं. भिंतीभर हिरवे दिवे होते आणि फॉसम या नावापुढे लाल.

आर्डिस त्यांच्यावर इतकी चिडली की दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोरच तोंडाचा पट्टा सुटला. “बिल पास होणारच होतं! तुमच्या एका मताने काय अडणार होतं? तुमच्या कॅरेन लोकांचं काम आधीच झालंय. आता कुणासाठी?”

“ते मला ठाऊक नाही,” डॉक्टर म्हणाले. “असेल कुणाची तरी आई. मी ओळखत नाही तिला.”

“पक्षाच्या उमेदवारीची निवडणूक ऑगस्टात आहे, डॉक.”

“कॅलेंडर आहे माझ्याकडे.”

जुलैत घरोघरी पत्रकं आली. एका बाजूला बुरखे घातलेले बंदूकधारी, दुसऱ्या बाजूला डॉक्टरांचा फोटो, जत्रेतला. शेजारचा बैल कापून टाकलेला. खाली लिहिलं होतं: ‘अतिरेक्यांवर कारवाई? ऑरिन फॉसम म्हणाले, नाही.’ पक्षातूनच त्यांच्याविरुद्ध एक तरुण वकील उभा राहिला होता. कारखान्याच्या जेवणघरात ती पत्रकं टेबलाटेबलावर पडलेली असायची. माझ्यासमोर कुणी काही बोलत नसे, पण मी आत आले की बोलणं थांबायचं.

जिल्ह्याच्या जत्रेत, गुरं पारखतात त्या मांडवात, दोघांची सभा झाली. भुशाचा वास, पंखे, लाकडी बाकांवर माणसं खच्चून. आर्डिस आणि मी बाजूला बसलो होतो. वकील छान बोलला. मग लोकांचे प्रश्न सुरू झाले आणि वेंडेल उभा राहिला. तो माझ्याच कारखान्यात, कापणीच्या रांगेत माझ्या समोर उभा राहायचा. त्याचा मुलगा अफगाणिस्तानातून एका पायाने परत आला होता.

“डॉक,” वेंडेल म्हणाला, “तुम्ही आमच्या घरी जेवलाय. माझ्या पोराला इस्पितळात भेटायला गेला होतात. मला एवढंच सांगा, त्याचा पाय ज्यांनी नेला तसल्यांना मदत करणाऱ्यांना बाहेर ठेवायला तुम्ही ‘नाही’ का म्हणालात?”

मला वाटलं, आता ते आईची गोष्ट सांगतील. भाताची. ती ऐकून कुणाचंही मन पाघळलं असतं. पण डॉक्टर ध्वनिवर्धक हातात धरून नुसतेच उभे. मी उठायला लागले. मी सांगणार होते, सगळ्यांसमोर, माझ्या मोडक्या इंग्रजीत. आर्डिसने माझी बाही खसकन ओढली.

“बस खाली.”

“सोडा मला. त्यांना माहीतच नाही...”

“आईचे कागद अजून दूतावासात आहेत. उद्या पेपरात तिचं नाव आलं, कुणीतरी मुद्दाम फाइल काढली, मग? त्यांनी मला बजावलंय. ती मुलगी उठली तर तिला बसव, म्हणालेत.”

मी बसले. 

“वेंडेल,” डॉक्टर म्हणाले, “त्या बिलातल्या नावांवर माझं काही म्हणणं नव्हतं. त्यातल्या एका वाक्यावर होतं. ते वाक्य ज्यांना पकडतं ते चोर नसतात, चोरांच्या वाटेवर राहणारी माणसं असतात. मला ते माहीत आहे, कारण तसंच वाक्य मी आधी एकदा मंजूर केलंय, न वाचता. तुम्हाला रागवायचंच असेल तर या एका ‘नाही’वर नका रागावू. न वाचता इतकी वर्षं ‘हो’ म्हणत आलो, त्यावर रागवा. तो राग रास्त आहे.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वेंडेल टोपी डोक्यावर घालून बसला. शेजारी आर्डिस चष्मा पुसत पुटपुटली, “गेलं. सगळं गेलं. निवडणुकीचं भाषण आहे की चर्चमधली कबुली?”

ते हरले. फार मतांनी नाही, पण हरले, आणि उमेदवारी वकिलाला मिळाली.

दुसऱ्या दिवशी रांगेत वेंडेल माझ्यासमोर उभा होता. सुरी चालवता चालवता, मान खाली घालूनच म्हणाला, “मी त्याला मत दिलं नाही.”

“बरं,” मी म्हणाले.

“देता आलं नाही. पोराकडे बघून देता आलं नाही. पण तो खोटं बोलला नाही. तुझी ओळख आहे म्हणतात त्याच्याशी. भेटला तर सांग.”

मी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, “वेंडेलचा पोरगा नवीन पायावर चालायला लागलाय का ते विचारून ठेव.”

*

आई ऑक्टोबरात आली. विमानतळावर तिच्या अंगावर हाताने विणलेला लाल झगा, त्यावर कुणीतरी दिलेला पुरुषी कोट. इतक्या वर्षांनी ती मला भेटली ती आधी माझे हात उलटसुलट बघायला लागली. “हे काय, कापलंय किती ठिकाणी,” म्हणाली. मग रडली.

पुढच्याच रविवारी ती मला म्हणाली, “ज्या माणसाने मला आणलं त्याच्याकडे ने.”

नवा खासदार नोव्हेंबरात निवडून येऊन जानेवारीत बसणार होता, तोवर डॉक्टरच खासदार होते. शनिवार-रविवारी घरी यायचे. गावाबाहेर त्यांचं पांढरं लाकडी घर. आम्ही गेलो तेव्हा ते अंगणातली पानं गोळा करत होते. त्यांनी आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी केली, बिस्किटं मांडली. आईने दोन्ही हात छातीवर दुमडले, मान लववली आणि आमच्या भाषेत आभार मानायला सुरुवात केली. लांबलचक, देवाचं नाव घेऊन, त्यांच्या आईवडिलांना, गुराढोरांना आशीर्वाद देत. मी भाषांतर करत होते. डॉक्टर चुळबुळ करायला लागले.

“थांब,” ते मला म्हणाले. “आधी तिला सगळं सांग.”

“काय?”

“तिला इतकी वर्षं छावणीत ठेवणारा कायदा माझ्या मताने झाला. माझ्या एकट्याच्या नाही, पण माझ्याही. तिचे आभार मी असे फुकटात घेऊ शकत नाही.”

“डॉक्टर, कशाला? ती म्हातारी आहे. ती खूश आहे.”

“वा लेर, अर्धंच भाषांतर करू नकोस.”

मला वाटलं, आईचं मन मोडेल. माझंही मोडेल, कारण मी ते कॅफेतल्या त्या सकाळपासून जाणत होते आणि तिला फोनवर कधी बोलले नव्हते. मी सावकाश, एकेक शब्द निवडत सांगितलं. आई ऐकत होती. मध्येच तिने विचारलं, “त्याला माहीत होतं का, मी तिथे आहे ते?”

मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, “नाही. मी विचारलंच नाही कधी, की तिथे कोण आहे.”

खिडकीबाहेर डॉक्टरांनी गोळा केलेली पानं वाऱ्याने पुन्हा अंगणभर पसरत होती. डॉक्टर हातातल्या कपाकडे बघत होते, परीक्षेचा निकाल ऐकायला बसलेल्या मुलासारखे. मग आई बोलायला लागली. माझ्याशी नाही, त्यांच्याशी, जणू त्यांना आमची भाषा कळत होती.

“आमच्या गावात ब्रह्मी सैनिक यायचे. विचारायचे, त्यांना का जेवू घातलंस? मारायचे. मग आमची पोरं यायची. विचारायची, ब्रह्म्यांना का घातलंस? तीही रागवायची. मग छावणीत तुमचा साहेब आला. त्यानेही तेच विचारलं. सगळे विचारून निघून गेले. चुकलं म्हणून सांगायला परत आलेला हा पहिलाच.”

मी भाषांतर केलं. पूर्ण.

डॉक्टरांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला, पुन्हा घातला. आई उठली, टेबलाला वळसा घालून त्यांच्याजवळ गेली. त्यांच्या सदऱ्याच्या बाहीला पानाचा एक तुकडा चिकटला होता, तो तिने काढून टाकला. मग म्हणाली, “सांग त्याला, आता मी आभार मानते. मघाशी मला ठाऊक नव्हतं कुणाचे मानतेय.”

*

मार्चच्या शेवटी बर्फ वितळायला लागलं होतं. आईला दवाखान्यातून घेऊन मी गाडीने परत येत होते. कच्च्या रस्त्याला, कुणाच्यातरी गोठ्यासमोर, एक जुनी ओळखीची गाडी उभी दिसली. कार्यालयावरची पाटी उतरली होती. आर्डिस तिच्या बहिणीकडे राहायला गेली होती. आणि फॉसम डॉक्टर पुन्हा गोठ्यांतून हिंडायला लागले होते, म्हातारपणी, कुणी बोलावलं तर.

गोठ्याचं दार सताड उघडं होतं. आत ते होते. थंडीतही अंगात नुसता बनियन, खांद्यापर्यंत हात गाईच्या पोटात घातलेला, गाल तिच्या मांडीला टेकवलेला, डोळे मिटलेले. शेतकरी गाईचं डोकं धरून उभा होता. डॉक्टर तिच्याशी काहीतरी हलकेच बोलत होते.

“गाडी थांबव,” आई म्हणाली.

“आई, कामात आहेत ते. त्यांना आपण दिसलोही नाही.”

“थांबव.”

मी इंजिन बंद केलं. आई उतरली. चिखल चुकवत कुंपणापर्यंत गेली आणि तिथेच, वाऱ्यात, दोन्ही हात छातीवर दुमडून उभी राहिली. तिने हाक मारली नाही. मीही मारली नाही. आत गाय एकदा हंबरली. डॉक्टरांनी पाय रोवून जोर लावला, आणि त्यांच्या हातांबरोबर ओलं, काळं-पांढरं, लांबलचक वासरू गवतावर घसरलं. ते गुडघ्यांवर बसले, त्याच्या नाकातोंडातला चिकटा काढत राहिले, मूठभर गवताने त्याला चोळत राहिले.

मग बादलीत हात धुताना त्यांनी मान वर केली.

आईने वाकून नमस्कार केला आणि गाडीकडे परत आली.